मुलांसाठीचे पैसे

लहूने विमानाची तिकिटं बघायला सुरुवात केली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात होतं, नवरा हाताच्या अंतरावर होता, आणि तरी काही घडलं नाही याचं श्रेय मी स्वतःकडे घेते.

"तीन तिकिटं, वन-वे," तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला. "तू आणि मुलं. वर्षभर नाशिकरोडला आईंकडे राहा. मी इथं कुठेतरी एक खोली घेतो. कॉन्ट्रॅक्ट मिळालं की बोलावतो."

बोलावतो म्हणे. जणू आम्ही चार दिवस माहेरपणाला निघालो होतो. रिया चौदा वर्षांची, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटच्या शाळेत नेटबॉलच्या टीममध्ये. मैत्रेय सात वर्षांचा. त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. व्हिडिओ कॉलवर आजीला अंगठा दाखवतो आणि पळतो. या दोघांना उचलून नाशिकरोडच्या शाळेत बसवायचं आणि त्यांच्या बापाला इथं एकटं सोडायचं, हा लहूचा तोडगा.

"दुसरा उपाय तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"तो नको."

"एक फोन करायचाय रे फक्त."

"सुरेखा, नको म्हटलं ना."

विषय संपला. आमच्या घरात हा विषय सुरू कमी व्हायचा आणि संपायचा जास्त.

झालं होतं ते असं. लहू सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे ऑनलाइन फॉर्म नीट चालतात का ते तपासणारा. वेलिंग्टनमध्ये एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर होता, रोज सकाळच्या ट्रेनने जायचा, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. मग खात्यांतून माणसं कमी करायचं वारं आलं आणि सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टवाले गेले. तेव्हापासून तो एका गोदामात मिळतील तशा संध्याकाळच्या शिफ्ट करत होता. मी बालवाडीत रिलीव्हर, म्हणजे कायमच्या बाई आजारी पडल्या की मला बोलावणं येणार. गावातल्या सगळ्या बाया ठणठणीत निघाल्या की माझा आठवडा कोरडा. दोघांच्या पगारात घरभाडं कसंबसं निघायचं आणि उरलेल्यात ओढाताण.

आता या देशात एक सोय आहे. कमावत्या आईबापांचं उत्पन्न बेताचं असेल, तर मुलांसाठी म्हणून टॅक्स खात्याकडून पैसे मिळतात. वर्किंग फॉर फॅमिलीज म्हणतात त्याला. आम्ही बाहेरून आलेले असलो तरी रेसिडेन्सी मिळून वर्षं झाली होती, मुलं इथंच राहत होती, आम्ही त्यात सरळ बसत होतो. ते पैसे आले असते तर भाडं निभलं असतं आणि कोणाला कुठे जायची गरज नव्हती. इतकी साधी गोष्ट. पण लहूच्या लेखी ती 'सवलत' होती, आणि सवलत म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो.

का येतो, ते मला माहीत होतं. आम्ही बौद्ध. अकोल्याच्या एसटी वर्कशॉपमधल्या मेकॅनिकचा हा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, स्कॉलरशिपवर शिकला, आणि शिकला तेवढी सगळी वर्षं 'तुमचं काय बाबा, तुम्हाला सवलत आहे' हे ऐकत राहिला. डिग्री हातात आली तेव्हा त्याने ठरवलं, यापुढे कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही. आणि हा माणूस एकदा ठरवतो तेव्हा ठरवतो. इथल्या सुपरमार्केटच्या दारात एक टोपली असते, लहान मुलांसाठी फुकट फळांची. मैत्रेय तीन वर्षांचा असताना त्याने त्यातलं केळं उचललं, तर याने ते परत ठेवायला लावलं आणि आत जाऊन केळी विकत घेतली. पोरगं भोकाड पसरून रडतंय, लोक बघतायत, आणि हा आपला ताठ मानेने काउंटरच्या रांगेत. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि थोडं कौतुकही वाटलं होतं.

खरं तर हा अर्ज मला करता आला असता. आईने केला तरी चालतो, नवऱ्याची परवानगी असला रकाना त्यात नाही. लहूला वाईट वाटेल म्हणून मी करत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. ते खोटं होतं. मलाही लाज वाटत होती. बालवाडीत मीच इतर आयांना बजावायचे, घ्या हो, मुलांचे पैसे आहेत ते. सामोअन, फिलिपिनो, गोऱ्या, सगळ्यांना. स्वतःवर आलं की मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

तिकिटं अजून नुसतीच बघून झाली होती, घेतली नव्हती, तेव्हा शनिवारी शिरीष आणि स्वरदाकडे जेवणाचं बोलावणं आलं. वेलिंग्टनच्या आसपास आम्ही काही मराठी घरं आहोत. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाकडे तरी पॉटलक होतं, ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायचा. शिरीष पुण्याचा. विद्यार्थी म्हणून आला, आधी दुसऱ्याची कुरिअर व्हॅन चालवली, आता स्वतःच्या व्हॅन आहेत. टेकडीवर घर, घराला लाकडी डेक, डेकवर भलामोठा बार्बेक्यू. माणूस दिलदार. कुणाचं सामान हलवायचं असलं की व्हॅन घेऊन आधी हजर. आमचंही त्यानेच हलवलं होतं, हे सांगायलाच हवं.

पॉटलकला मी दरवेळी श्रीखंड नेते. मटण मला फार छान येतं, माझ्या सासूबाईंच्या हाताखाली शिकलेलं, पण त्या घरी मी ते कधी नेलं नाही. का, ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. ही मंडळी आमच्याकडे यायची असली की हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये जातो आणि त्या खिळ्याला मी कॅलेंडर अडकवते. रियाने एकदा विचारलं, फोटो का हलवतेस? मी म्हणाले, ऊन लागतं. वानखेडे हे आडनावही आमच्या सोयीचं. विदर्भात ते बऱ्याच जातींत चालतं. कोणी खोदून विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमके कुठले?" की लहू म्हणायचा, "अकोल्याचे." समोरचा गप्प बसायचा आणि आम्हाला वाटायचं, वेळ निभावली.

मुलांना तर आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. जयंतीला एकदा ऑकलंडला गेलो होतो, तिथल्या मनुरेवा उपनगरात आपल्या लोकांचा कार्यक्रम होता. मुलांच्या लक्षात राहिलं ते जेवण आणि निळे फुगे. रियाला बाबासाहेब म्हणजे घटना लिहिणारे मोठे विद्वान, इतकंच माहीत. नव्या देशात जुनं कशाला उकरा, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो आणि फार शहाणे असल्यासारखे झोपायला जायचो.

तर त्या शनिवारी स्वरदा आत वडे तळत होती आणि मी गरम वड्यांची परात घेऊन डेकवर फिरत होते. पुरुष मंडळी बार्बेक्यूभोवती. मुलं आतबाहेर. देवव्रत म्हणून एक नवीन मुलगा होता, नुकतीच रेसिडेन्सी झालेला, घरी लहान मुलगी. तो जरा चाचरतच म्हणाला, "शिरीषदादा, ते मुलांचे पैसे मिळतात म्हणे, ते घ्यावेत का? जरा ऑकवर्ड वाटतं."

"ऑकवर्ड कसलं त्यात?" शिरीष चिमटा हवेत नाचवत म्हणाला. "टॅक्स भरतोस ना? मग हक्क आहे आपला. मी तर पहिल्यापासून घेतोय. हीप्स मिळतात, ढिगाने."

"पण तुमचं उत्पन्न तर..."

"ते तू माझ्या घरावरून नको बघूस, कागदावर बघ. अकाउंटंट कशाला ठेवलाय?"

सगळे हसले. मीही हसले, तोंडदेखलं. मला त्याच डेकवरची मागच्या वर्षीची संध्याकाळ आठवत होती. तेव्हा शिरीषच्या भाच्याला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नव्हता आणि शिरीष तासभर तापला होता. यांना कष्ट नकोत, मेरिट नको, सगळं आयतं ताटात हवं. 'यांना' म्हणजे कोणाला, ते त्याने सांगितलं नव्हतं. लहू आणि मी समोरच्या टेकड्या बघत बसलो होतो. टेकड्या चांगल्या आहेत तिथल्या.

"थांब, तुझी लाजच घालवतो," शिरीष देवव्रतला म्हणाला आणि ओरडला, "ए, ऐका सगळे! मुलांचे पैसे कोण कोण घेतं? हात वर!"

भराभर हात वर झाले. यतीनने बिअरचा कॅन धरलेला हात वर केला. रणजितने दोन्ही केले, म्हणाला माझी जुळी आहेत. स्वरदा आतून झारा घेऊनच दारात आली आणि तिने झारा वर केला. देवव्रत मोकळं हसला. कुणाच्या चेहऱ्यावर लाजेचं नाव नाही. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. फुकटचं घेताना इतकं हलकं राहता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"लहू, तुझा हात कुठाय?" शिरीष म्हणाला.

"आम्ही घेत नाही," लहू म्हणाला.

"का? कॉन्ट्रॅक्ट गेलंय ना तुझं?"

"चाललंय आमचं."

"चाललंय काय चाललंय! अरे वेड्या, आम्ही आत्ता कुठे शिकतोय घ्यायला. तुम्हाला तर जन्मापासूनची प्रॅक्टिस आहे!"

दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी आपापल्या डिशमध्ये पाहिलं. आणि कोणीही, अगदी कोणीही, 'म्हणजे काय रे?' असं विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. आम्ही फोटो हलवत होतो, श्रीखंड नेत होतो, अकोल्याचे म्हणून सांगत होतो, आणि ही सगळी मंडळी आमची नाटकं बघत होती.

लहू हसला. त्याचे ते दात मला अजून दिसतात. आणि मी काय केलं? शिरीषची डिश रिकामी होती. मी पुढे झाले आणि त्याला एक वडा वाढला.

"थँक्स सुरेखा," तो म्हणाला. "श्रीखंड मस्त झालंय हं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याच्या अपमानाचं तितकं नाही, जितकं त्या वड्याचं. परात घेऊन मी वळले तर दारात रिया उभी. शेजारी शिरीषचा इंद्रनील. तिच्या कपाळावर आठी होती.

परतताना नदीकाठच्या रस्त्याने गाडी चालली होती. मैत्रेय मागे झोपून गेला होता. रिया म्हणाली, "बाबा, व्हॉट डिड शिरीष अंकल मीन? प्रॅक्टिस?"

"काही नाही गं. जोक होता."

"देन व्हाय डिड एव्हरीवन गो क्वाएट?"

लहूने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे. मी पटकन म्हणाले, "अगं, तुझे बाबा चिकट आहेत ना, त्यावरून चिडवत होते."

लहूने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. बायकोने आपल्याला चिकट म्हटलं, आणि तेही वाचवण्यासाठी. रियाने इअरफोन कानात घातले. त्या रात्री लहूने तिकिटांची तारीख ठरवली. पैसे भरणं सोमवारवर ठेवलं.

सोमवारी दुपारी तो शिफ्टला निघायच्या तयारीत होता. दाराजवळच्या स्टुलावर बसून गोदामातले जाड बूट घालत होता. रिया शाळेतून आली, बॅग टाकली आणि तिथेच उभी राहिली.

"आय आस्क्ड इंद्रनील," ती म्हणाली.

लहूच्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली.

पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली, भराभर, धाप लागल्यासारखी. इंद्रनीलने तिला मेसेजवर सांगितलं होतं. तुम्ही खालच्या जातीचे ना, माझे डॅड म्हणतात, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही त्याचा, वी आर कूल विथ इट. इंद्रनीलला बिचाऱ्याला वाटलं तिला माहीतच असणार. तिने त्याला लिहिलं होतं, ऑफकोर्स आय नो. माझ्या मुलीने माझ्यासारखंच खोटं बोलून वेळ निभावली होती.

"सो द फोटो वॉजन्ट अबाउट द सन," ती मला म्हणाली.

माझी नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

"त्यांना सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली, आणि हे एक वाक्य ती मराठीत म्हणाली, अडखळत, शब्द शोधत. "सगळ्या लोकांना. फक्त मला नाही."

मी तिच्याजवळ जायला लागले तर ती मागे सरकली. लहू स्टुलावरच होता, एका पायात बूट, एका पायात मोजा. मला वाटलं तो आता उठून निघून जाईल, उशीर होतोय म्हणेल. पण तो बोलायला लागला. माझ्याशीही इतकं कधी बोलला नव्हता.

त्याने तिला कॉलेजचं सांगितलं. तास चालू असताना ऑफिसमधला क्लार्क वर्गात यायचा आणि स्कॉलरशिपवाल्यांची नावं मोठ्याने वाचायचा. नाव आलं की उभं राहायचं आणि सगळी यादी संपेपर्यंत उभंच राहायचं. सर खडू हातात घेऊन थांबलेले असायचे. बाकीची पोरं वळून बघायची. मागच्या बाकावरचा एक जण दर खेपेला हळूच म्हणायचा, बसा जावईबापू. लहू म्हणाला, त्याला गणितात वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त मार्क होते. पण तो वर्गात ओळखला जायचा तो उभा राहणारा म्हणून.

"घरी वडील आनंदात असायचे," तो म्हणाला. "स्कॉलरशिप आली का, स्कॉलरशिप आली का, पत्रात तेच. मी त्यांना कधी सांगितलं नाही. आणि मग ठरवलं, पुन्हा असं उभं राहायचं नाही."

रिया ऐकत होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागीटच होता. तिने विचारलं की म्हणून आपण ते मुलांचे पैसे घेत नाही का. लहूने मान हलवली. म्हणून आम्ही नाशिकला चाललो आहोत का? लहूने दुसरा बूट जवळ ओढला.

"म्हणजे शिरीष अंकल काहीतरी बोलतील म्हणून?" तिने पुन्हा इंग्रजीत विचारलं.

"तुला नाही कळणार ते," लहू म्हणाला. "शिरीषने घेतलं की तो हक्क असतो. मी घेतलं की सवय होते."

"बट ही ऑलरेडी सेड इट, बाबा," ती म्हणाली. "यू डिडन्ट टेक एनीथिंग, अँड ही स्टिल सेड इट."

लहूने तिच्याकडे बघितलं. मग त्याने दुसरा बूट घातला, नाडी बांधली आणि तो शिफ्टला गेला. त्या दिवशी तिकिटांचे पैसे भरले गेले नाहीत. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. रिया दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला ते पटत होतं. तिच्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते.

गुरुवारी रियाच्या शाळेला सुट्टी होती, शिक्षकांचाच काहीतरी दिवस होता. मलाही बालवाडीतून फोन आला नव्हता. मैत्रेयला शाळेत सोडून लहू घरी आला, आंघोळ केली, आणि इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला. समोर फोन ठेवला.

"इंटरव्ह्यू आहे का?" मी विचारलं.

"नाही. टॅक्स खात्याला फोन करतोय." मग जरा थांबून म्हणाला, "तू बस इथं. एकट्याने नाही जमायचं मला."

फोन करायला इस्त्रीचा शर्ट लागतो हे मला नवीन होतं. एरवी मी चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी गुपचूप खुर्ची ओढून बसले. रिया ओट्याला टेकून टोस्ट खात होती. ती कुठे गेली नाही.

बराच वेळ फोनमध्ये गाणी वाजत राहिली. लहू पाठ सरळ ठेवून बसला होता. एक हात टेबलाच्या कडेवर, बोटं घट्ट. शेवटी एक बाई आली, "किया ओरा" असा इथला नमस्कार म्हणाली, आवाज प्रसन्न. फोन स्पीकरवर होता. तिने नाव विचारलं, नंबर विचारला, जन्मतारीख. या देशात कधी आलात, रेसिडेन्सी कधी मिळाली. मुलं किती, त्यांची नावं काय. मैत्रेयचं स्पेलिंग तिने दोनदा विचारलं आणि सुंदर नाव आहे म्हणाली. मुलं तुमच्याजवळच राहतात ना? लहू म्हणाला हो. हे हो म्हणताना त्याने रियाकडे पाहिलं.

मग तिने विचारलं, रोजची मुलांची काळजी मुख्यतः कोण घेतं?

"माय वाइफ," लहू म्हणाला.

"नो," रिया तोंडातला टोस्ट तसाच ठेवून म्हणाली. "इट्स यू."

खरंच होतं. कॉन्ट्रॅक्ट गेल्यापासून मैत्रेयला शाळेत सोडणं, आणणं, डबे, नेटबॉलचे धुतलेले कपडे, सगळं लहूच करत होता. मला ते दिसत होतं, पण नोकरी नसलेल्या माणसाचा वेळ जातोय, एवढंच मी त्याला समजत होते. पलीकडची बाई हसली. म्हणाली, मग तुमचंच नाव घालू का डॅड? लहू म्हणाला, येस प्लीज.

मिळकतीचं विचारून झालं. बँकेचा खाते क्रमांक झाला. कागद तपासून आठवडाभरात कळवू, पण तुम्ही यात बसता असं दिसतंय, असं ती म्हणाली.

"इज दॅट ऑल?" लहूने विचारलं. "तुम्हाला आणखी काही विचारायचं नाही?"

"नोप. स्वीट ऐज," ती म्हणाली, म्हणजे सगळं छान, आणि दिवस चांगला जावो म्हणून तिने फोन ठेवला.

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी टेबलावर डोकं ठेवलं. आम्ही कुठे जाणार नव्हतो. चौघं इथेच, या गळक्या नळाच्या घरात, एकत्र राहणार होतो. वर बघितलं तर लहू तसाच बसलेला, फोनकडे टक लावून.

"काय रे? झालं ना काम?"

"तिनं विचारलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"कॅटेगरी."

मला हसू फुटलं आणि अर्ध्यावर थांबलं. ज्या माणसाने आयुष्य फॉर्म तपासण्यात घातलं, याच देशातल्या सरकारी खात्यांचे फॉर्म, ज्यांचा रकाना न् रकाना त्याला ठाऊक, त्याला काय हे माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी तो सगळा वेळ पाठ सरळ करून त्या प्रश्नाची वाट बघत होता.

"व्हॉट्स कॅटेगरी?" रियाने विचारलं.

"जात," मी म्हणाले. तिच्यासमोर हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडातून काढला.

तिने टोस्टची डिश बाजूला ठेवली. मग बापाला म्हणाली, "अँड व्हॉट वर यू गोइंग टू से?"

लहूला खोटं सांगता आलं असतं. इतकी वर्षं आम्ही तिला तेच सांगत आलो होतो. त्याने शर्टाच्या बाहीचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"ओपन म्हणणार होतो," तो म्हणाला. "म्हणजे वरच्या जातीचे. उत्तर तयार ठेवलं होतं मी."

रियाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टेबलावरचे कप उचलले आणि सिंकपाशी जाऊन धुवायला लागले, कारण मीही तेच सांगितलं असतं.